घासयंत्र आणि कारागिराचा हात

(उमरखेड येथे भरलेल्या आपल्या सुतार ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आमच्या वाट्यास आलेला विषय ऐकून पुष्कळांना नवल वाटले असेल. ज्ञातिमेळाव्याच्या व्यासपीठावरून सहसा शिक्षणाचे महत्त्व सांगितले जाते, विवाहातील अनाठायी खर्चावर टीका होते, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक होते; आणि ते सर्व योग्यच आहे. परंतु ज्या हातांच्या कमाईवर ही शिक्षणे आणि हे विवाह पार पडतात, त्या हातांची विचारपूस या व्यासपीठावरून क्वचितच होते. म्हणून आम्ही कार्यकारी मंडळास विनंती केली की, या वर्षी आम्हास एका यंत्रावर बोलू द्यावे. ते यंत्र म्हणजे हातात धरून चालवावयाचे घासयंत्र. कामावर आपण सर्वजण ज्यास 'बेल्ट सँडर' म्हणतो ते. मंडळाने ही विनंती मान्य केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत.

आपले उमरखेड हे पैनगंगेच्या खोऱ्यातील, सागवानी मुलखातील गाव. आमच्या लहानपणी मृग नक्षत्रापूर्वीच्या महिन्यात आमच्या घरी कोणास उसंत नसे. कोणाच्या वखराचे खोड, कोणाच्या तिफणीचे चाडे, कोणाच्या गाडीचे जू, अशी कामे अंगणात येऊन पडत. वाकस, करवत, पटाशी, रंधा आणि गुण्या एवढ्या सामग्रीवर आमच्या वडिलांनी संसार केला. दाराची फळी रंधून झाली की ते डोळे मिटत आणि उजवा तळहात फळीवरून हलकेच फिरवीत. डोळ्यांस न दिसणारा उंचवटा त्यांच्या बोटांस कळे. "डोया फसवते, हात फसवत नाही," असे ते आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणत. कारागिराचे सर्वांत मोलाचे हत्यार पेटीत नसते, ते त्याच्या मनगटाच्या पुढे असते, हा धडा आम्ही त्या वेळी घेतला.

पुढे काळ पालटला. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, शेतीच्या अवजारांचे काम लोहाराच्या व कारखान्याच्या हाती गेले. आपल्याकडे दारे, खिडक्या, पलंग, देव्हारे आणि स्वयंपाकघरातील कपाटे यांची कामे उरली. ही कामे ठेक्याने होतात आणि ठेक्यात घाई असते. जो पृष्ठभाग गुळगुळीत करण्यास पॉलिशपेपर हाती घेऊन एक माणूस सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत बसे, तो या यंत्राने तासाभरात होतो. तेव्हा यंत्र घरोघर आले यात अनुचित काहीच नाही. यंत्राची निंदा करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. सुमारे शंभर वर्षांपूर्वी, १९२६ साली, अमेरिकेतील पोर्टर-केबल या कंपनीच्या आर्थर एमन्स यांनी हातात धरता येईल असा बेल्ट सँडर सिद्ध केला. सुताराच्या खांद्यांवरील केवढा भार त्यांनी उतरविला, हे ज्याने रात्र रात्र पॉलिशपेपर मारला आहे तोच जाणतो.

परंतु रंधा आणि हे यंत्र यांत एक मोठा भेद आहे. आपण थांबलो की रंधा थांबतो. हे यंत्र आपण थांबलो तरी थांबेलच असे नाही. हा भेद आम्हास कसा समजला, ते आता सांगतो. सांगताना आम्हास लाज वाटते. परंतु जो दोष आपला आहे तो झाकून उपदेश करणे शोभत नाही.

२०११ सालच्या उन्हाळ्यातील गोष्ट. त्या वर्षांत आपल्या भागात भारनियमन किती कडक होते, हे आपणांस आठवत असेल. एका घराच्या सागवानी दाराची फळी आम्ही बाकावर घासत होतो. आमचा पुतण्या त्या वेळी पंधरा वर्षांचा. परीक्षा आटोपून तो काम शिकण्यासाठी आला होता आणि फळीच्या पलीकडच्या टोकाशी बसला होता. यंत्राचा खटका सतत दाबून बोट दुखते, म्हणून आम्ही बाजूचे लॉक बटण दाबून खटका अडकवून ठेवला होता. इतक्यात वीज गेली. यंत्र मंदावत मंदावत थांबले. आम्ही ते तसेच फळीवर ठेवले आणि पाणी पिण्यास आत गेलो. खटका अडकलेलाच होता आणि पिन भिंतीतच होती. वीज गेली म्हणजे काम संपले, एवढाच विचार आमच्या मनात होता.

वीज थोड्याच वेळात परत आली. यंत्र आपोआप सुरू झाले आणि फळीवरून सरळ पुढे धावले. पुढे पुतण्याचा तळहात फळीवर टेकलेला होता. आम्ही ओरडा ऐकून धावलो तोपर्यंत जे व्हावयाचे ते होऊन गेले होते. उजव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकांवरील मांस यंत्राने खरवडून नेले होते. जखम भरण्यास अनेक महिने लागले. बोटे राहिली, परंतु त्या दोन टोकांची संवेदना परत आली नाही. मुलगा सुतारच झाला आणि चांगला सुतार झाला. फळी पारखताना मात्र तो डावा हात फिरवितो. ते पाहताना आम्हास आमच्या वडिलांचे शब्द आठवतात, आणि मान खाली जाते.

या प्रसंगानंतर आम्ही पुष्कळ कारागिरांशी बोललो, इतर कारखान्यांतील अपघातांची माहिती ऐकली आणि एक गोष्ट ध्यानात आली. यंत्र फळीवर चालत असताना, दोन्ही हात मुठींवर असताना, अपघात थोडे होतात. त्या वेळी माणूस सावध असतो. अपघात होतात ते कामाच्या आगेमागे : पिन लावताना, यंत्र खाली ठेवताना, पट्टा बदलताना, वीज गेल्यावर व आल्यावर. म्हणजे ज्या क्षणांना आपण 'काम' समजत नाही, तेच क्षण घातक ठरतात. आजच्या आमच्या बोलण्याचे सार एवढेच आहे. पुढील सर्व गोष्टी या एका सूत्राचा विस्तार होत.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. खाली दोन रुळ असतात. मागचा रूळ मोटरीने फिरतो. पुढचा रूळ पट्ट्यास ताण देतो आणि त्याची दिशा सांभाळतो. या दोहोंवरून घासपट्टा अखंड फिरत असतो. रुळांच्या मधोमध एक सपाट पत्रा असतो, त्याच्या आधाराने पट्टा लाकडावर टेकतो. पट्ट्याचा वेग, यंत्राच्या प्रकाराप्रमाणे, मिनिटास सुमारे २०० ते ५०० मीटर असतो. ३०० मीटर धरले तरी सेकंदास ५ मीटर झाले. एका सेकंदात पाच मीटर लांबीचा खरखरीत कागद त्याच जागेवरून ओढला जातो, अशी कल्पना करा. त्यापुढे सागवान टिकत नाही, तेथे कातडीचा काय पाड?

पट्ट्याची खालची बाजू पुढून मागे, म्हणजे चालविणाऱ्याकडे, सरकते. म्हणून यंत्र स्वतः पुढे पळू पाहते आणि लाकडास मागे, आपल्या अंगावर, फेकू पाहते. हे एकदा समजले की पुष्कळ नियम पाठ करावे लागत नाहीत. लाकूड शिकंज्यात आवळावे, अथवा त्याच्या आपल्याकडील टोकास बाकावर ठोकळा ठोकून अडण करावी. यंत्राच्या पुढील दिशेस कोणासही बसू देऊ नये. मदतनीस बाजूस उभा असावा. लहान तुकडा एका हाताने धरून दुसऱ्या हाताने त्यावर यंत्र चालविण्याची सवय पुष्कळांना आहे. ती आजच सोडावी. यंत्रास दोन मुठी दिल्या आहेत, त्या दोन हातांसाठी.

आता पिन लावण्यापूर्वी काय पाहावे? यंत्र उचलून खटका दाबून सोडावा. तो मोकळा परत आला पाहिजे. लॉक बटण अडकलेले नाही याची खात्री झाल्यावरच पिन लावावी. वायरीवर कोठे चीर पडली असेल, तांब्याच्या तारा दिसत असतील, तर चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नये, वायर बदलावी. यंत्रास तीन पायांची पिन असेल तर जमिनीशी जोडणारा तिसरा पाय तोडून ती दोन छिद्रांच्या खोबणीत बसविणे म्हणजे मृत्यूस आवतण देणे होय. ज्या यंत्रांवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असते, त्यांस दुहेरी आवरण असल्याने दोनच तारा असतात; ते ठीक आहे. लांबच्या खोबणीतून वीज आणण्यासाठी पातळ वायरीचे लांब वेटोळे वापरल्यास दाब उतरतो, मोटर तापते आणि यंत्र लवकर निकामी होते. वायर जाड असावी व ती पूर्ण उलगडावी. गळतीची वीज तात्काळ तोडणारी कळ कारखान्यात बसवून घेणे हा खर्च नव्हे, तो विमा होय. काम करताना वायर खांद्यावरून मागे टाकावी, म्हणजे ती पट्ट्याखाली जाणार नाही.

लाकडाचीही पाहणी हवी. जुन्या वाड्याचे दार असेल तर त्यातील प्रत्येक खिळा, चूक व बिजागरीचा तुकडा काढावा. लोखंडावर पट्टा गेला की ठिणगी पडते, ती भुसाच्या पिशवीत शिरते आणि आत विस्तव धुमसत राहतो. जुन्या रंगाविषयीही सांगावेसे वाटते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत आणण्याचा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला. त्यापूर्वीच्या रंगात शिसे किती असेल याचा भरवसा नाही. असा रंग या यंत्राने घासला तर शिशाची पूड घरभर उडते आणि तिची बाधा लहान मुलांना सर्वांत अधिक होते. तो रंग ओला करून हाताने खरवडून काढावा, खरवड गोळा करून ठेवावी व मुलांस त्या जागी फिरकू देऊ नये.

अंगावरील वस्त्रांचे म्हणाल तर आपल्याकडे गळ्यात दुपट्टा टाकण्याची चाल आहे. उन्हातान्हात तो फार उपयोगी. या यंत्रापुढे मात्र तो गळफास ठरू शकतो. दुपट्टा, सैल बाह्या, हातातील कडे व गंडादोरा ही सर्व कामापूर्वी उतरवून ठेवावीत. श्रद्धेचा दोरा काही काळ खुंटीवर ठेवल्याने श्रद्धा उणी होत नाही. डोळ्यांस चष्मा असावा. कानांचेही ध्यान ठेवावे. ८५ डेसिबेलहून मोठा आवाज दिवसाचे आठ तास ऐकत राहिल्यास श्रवणशक्ती हळूहळू जाते, आणि ही यंत्रे सहसा त्याहून मोठ्याने गर्जतात. आपल्या ज्ञातीतील वृद्ध मोठ्याने का बोलतात, याचे उत्तर पुष्कळ वेळा कारखान्यात सापडते. कानांत घालावयाचे बोळे थोडक्या पैशांत मिळतात.

आता प्रत्यक्ष काम. यंत्र हवेत उचलून सुरू करावे, वेग पूर्ण भरू द्यावा आणि मग मागची कड किंचित आधी टेकवून ते सपाट उतरवावे. टेकताक्षणी ते चालते ठेवावे. एका जागी क्षणभर रेंगाळले की खळगा पडतो, आणि तो खळगा पॉलिश केल्यावर उन्हात चमकून साऱ्या गावास दिसतो. यंत्रावर भार देऊ नये. त्याचे स्वतःचे वजन पुरेसे असते. दाबल्याने काम लवकर होते हा भ्रम आहे. दाबल्याने पट्टा बुजतो, मोटर तापते आणि लाकडावर काळे डाग उठतात. रेषेच्या दिशेने लांब, सरळ फेरे घ्यावेत, आणि प्रत्येक फेरा मागल्या फेऱ्यावर पट्ट्याच्या अर्ध्या रुंदीने चढवावा. फळ्या जोडून केलेला पृष्ठभाग फारच उंचसखल असेल तर आरंभी तिरके फेरे घेण्यास हरकत नाही. मात्र शेवट रेषेच्या दिशेनेच व्हावा. काठावर पट्ट्याचा तिसरा हिस्सा याहून अधिक बाहेर काढू नये, नाही तर कोर गोल होते. प्लायवूडवरील सागाचा पापुद्रा कागदासारखा पातळ असतो. तेथे हे यंत्र नेऊच नये. तेथे हात आणि बारीक पॉलिशपेपरच योग्य.

पट्ट्याचा आकडा जितका मोठा, तितका कण बारीक. रंध्याच्या खुणा वा करवतीचे दात काढावयाचे असतील तर ६० किंवा ८०, मग १२०, आणि शेवटी हाताने १८० वा त्याहून बारीक, हा क्रम साधारण दारास पुरतो. ६० वरून एकदम १८० वर उडी मारणाऱ्यास वेळ वाचल्यासारखे वाटते. परंतु खोल ओरखडे बारीक कणांनी निघत नाहीत, ते पॉलिशखाली दबून बसतात आणि पहिल्याच हातास वर येतात. शिक्षणाप्रमाणे येथेही इयत्ता गाळून चालत नाही.

काम थांबविताना यंत्र आधी उचलावे, मग खटका सोडावा, आणि पट्टा पूर्ण थांबेपर्यंत ते हातातच ठेवावे. फिरत्या पट्ट्यानिशी बाकावर ठेवलेले यंत्र बाकावरून धावते. ठेवताना ते कुशीवर आडवे ठेवावे, म्हणजे चुकून सुरू झाले तरी पट्ट्यास पकड मिळत नाही. वीज गेली तर खटका सोडावा, लॉक बटण मोकळे करावे आणि पिन काढावी. या तीन क्रियांस दहा पळेही लागत नाहीत. आम्ही त्या केल्या असत्या तर आज आमचा पुतण्या उजव्या हाताने फळी पारखत असता.

बंधुभगिनींनो, आतापर्यंत सांगितला तो एका क्षणात होणारा अपघात. दुसरा अपघात वीस-तीस वर्षे चालतो, त्यात रक्त दिसत नाही आणि ओरडाही ऐकू येत नाही. तो म्हणजे लाकडाची धूळ. रंध्याचे छिलके पायाशी पडतात. या यंत्राची धूळ पिठाहून बारीक होऊन हवेत तरंगते आणि श्वासाबरोबर आत जाते. इंग्लंडात हाय वायकम हे खुर्च्या बनविणाऱ्या कारागिरांचे प्रसिद्ध गाव आहे. १९६० नंतरच्या दशकात तेथील नाक-घशाच्या डॉक्टर एस्मे हॅडफिल्ड यांच्या ध्यानात आले की, नाकाच्या आतील एक अत्यंत विरळा कर्करोग त्यांच्याकडे येणाऱ्या लाकूडकामगारांत वारंवार दिसतो. ॲचेसन आणि मॅकबेथ या डॉक्टरांसह त्यांनी केलेले संशोधन १९६८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९९५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ ही मनुष्यास निश्चित कर्करोगकारक ठरविली. हा रोग विरळा आहे, घाबरून धंदा सोडण्याचे कारण नाही. परंतु सर्दी, दमा, डोळ्यांची आग आणि अंगावरील खाज ही तर आपल्या घरोघरची दुखणी आहेत. आपल्या लाडक्या सागाच्या आणि शिसवीच्या धुळीने कित्येकांच्या कातडीस पुरळ उठते, हेही वैद्यकास माहीत आहे. आपण त्यास 'लाकूड लागले' म्हणतो आणि गप्प बसतो.

नाकावर दुपट्टा बांधल्याने ही धूळ थांबत नाही. दुपट्टा जाड कण अडवितो. घातक असतात ते बारीक. २०२० सालच्या साथीने एन-९५ मुखपट्टी आपणा सर्वांच्या परिचयाची केली आहे. तीच नाकावर नीट दाबून बसवावी आणि मळकट झाली की बदलावी. काम शक्यतो उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे. यंत्राची पिशवी अर्धी भरली की रिकामी करावी, आणि संध्याकाळी तर न चुकता करावी. पॉलिश वा तेल लावलेल्या लाकडाचा भुसा पिशवीत दडपून राहिला तर तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचाही तोच गुण आहे. भुसा घरापासून दूर टाकावा आणि चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

येथे आमच्या माताभगिनींस एक सांगणे आहे. कारखाना बहुधा घराच्या अंगणातच असतो, आणि ती धूळ झाडण्याचे काम तुमच्याकडे येते. कोरड्या झाडूने झाडले की बसलेली धूळ पुन्हा उठते आणि झाडणारीच्या व पाळण्यातील मुलाच्या नाकात जाते. आधी पाणी शिंपडावे, ओल्या फडक्याने पुसावे. घरधन्याने कामाचे कपडे बाहेर झटकून मगच आत यावे, असा दंडक घराघरांत तुम्हीच घालावा. पुरुष आमचे ऐकणार नाहीत; तुमचे ऐकतील.

आता निगा. प्रत्येक वेळी पिन काढूनच यंत्रास हात लावावा, हा पहिला नियम. पट्टा बदलताना बाजूची दांडी ओढून ताण ढिला करावा. पट्ट्याच्या आतील बाजूस बाण असतो, तो यंत्रावरील बाणाशी जुळवावा. उलटा घातलेला पट्टा सांध्यावर फाटतो आणि त्याचे तुकडे तोंडावर येतात. बसविल्यावर यंत्र अंगापासून दूर धरून क्षणभर चालवावे आणि पट्टा कोणत्या बाजूस सरकतो ते पाहून पुढील रुळाची घुंडी थोडी थोडी फिरवावी. पट्ट्याची कड रुळाच्या कडेशी बरोबर जुळली पाहिजे. आत सरकला तर तो यंत्राचे अंग कापतो, बाहेर सरकला तर निसटून उडतो.

पट्टा राळेने आणि धुळीने बुजला म्हणजे पुष्कळजण तो फेकून देतात. क्रेप रबराच्या तळव्याची जुनी चप्पल घरात असेल तर तिचा तुकडा कापून ठेवावा. यंत्र शिकंज्यात उलटे, पक्के आवळून, चालत्या पट्ट्यावर तो तुकडा लांबून टेकवावा. बुजलेली धूळ रबरास चिकटून निघते आणि पट्टा पुन्हा कामास येतो. तुकडा मात्र हातभर लांबीच्या लाकडास ठोकलेला असावा, बोटांत धरलेला नसावा. पट्टे खिळ्यास टांगू नयेत, घडी मोडते. जाड गोल खुंटीवर टांगावेत आणि पावसाळ्यात ओलीपासून जपावेत. ओलीने सांध्याचा चिकटा सुटतो. जुना पट्टा चढविण्यापूर्वी त्याचा सांधा उजेडात निरखून पाहावा.

मोटरीच्या दोन बाजूंस टोपणांखाली कोळशाचे दोन ब्रश असतात. ते खुणेपर्यंत झिजले, किंवा आत ठिणग्या अधिक दिसू लागल्या, की दोन्ही एकाच वेळी बदलावेत. हवा खेळण्याची छिद्रे प्रत्येक दिवशी मोकळी करावीत. रुळांमधील पत्रा झिजून खोलगट झाला तर यंत्र सपाट घासणार नाही. मागच्या रुळावरील रबर गुळगुळीत होऊन पट्टा घसरू लागला, किंवा पुढच्या रुळातून किरकिर आवाज येऊ लागला, तर मोडेपर्यंत वाट पाहू नये. यंत्र मोडण्यापूर्वी बोलते, ऐकणारा हवा.

हे सर्व ऐकून तरुण मंडळी म्हणतील, "काका, ठेकेदार फुटावर पैसे देतो. एवढे सोपस्कार करीत बसलो तर पोट कसे भरावे?" या प्रश्नात तथ्य आहे. आम्ही तो उडवून लावीत नाही. परंतु हिशेब तरी पुरा करावा. पिन काढण्यास लागणारे क्षण दिवसभराचे मोजले तर एका चहाचा वेळ होत नाही. आमच्या त्या एका चुकीपायी दवाखान्याच्या वाऱ्यांत आमच्या घराचा एक हंगाम गेला, आणि मुलाचे जे गेले त्याची किंमत कोणत्याच ठेक्यात भरून निघणारी नाही. साधनांच्या खर्चाविषयी म्हणाल तर १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत सुतारकामासह अठरा व्यवसाय घेतले गेले. प्रशिक्षणकाळात दिवसाकाठी ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य अशी तरतूद तीत ठेवण्यात आली. अशा साहाय्यातून यंत्र घेणाऱ्याने चष्मा, मुखपट्टी आणि कानाचे बोळे यांसाठीही हात आखडू नये.

शेवटी ज्येष्ठ कारागिरांस आमची हात जोडून विनंती आहे. आपल्या वेळी शिकाऊ मुलास वर्षभर रंध्यास हात लावू देत नसत. आधी धार लावणे शिकवीत. हत्यार जपणे आधी आणि चालविणे मागून, ही आपली परंपरा होती. यंत्रे आली आणि ही परंपरा तुटली, कारण ती यंत्रे आपणांसही नवीन होती. मुलगा दुकानातून यंत्र आणतो आणि त्याच दिवशी पिन लावतो. ही तुटलेली परंपरा आपण पुन्हा जोडली पाहिजे. ज्यास पट्टा बदलता येत नाही, त्याने यंत्र सुरू करू नये, असा नियम प्रत्येक कारखान्यात असावा.

दरवर्षी खंडेनवमीस आपण हत्यारांस हळदकुंकू वाहतो, माघ शुद्ध त्रयोदशीस विश्वकर्म्याची पूजा करतो. अलीकडे त्या पाटावर रंधा आणि वाकस यांच्या शेजारी बेल्ट सँडरही दिसतो, हे पाहून आम्हास संतोष वाटतो. आमच्या घरी गेली काही वर्षे एक नवी रीत पडली आहे. ती पुतण्याने पाडली, आम्ही नव्हे. पूजेच्या आदल्या दिवशी तो यंत्र पूर्ण खोलतो, ब्रश पाहतो, रूळ पुसतो, वायर बोटाबोटाने तपासतो. आता तोही दोन मुलांस काम शिकवितो. त्यांस यंत्र देण्यापूर्वी तो आपला उजवा हात त्यांच्यापुढे धरतो आणि ती दोन बोटे दाखवितो. मुले फार प्रश्न विचारीत नाहीत. खटका सोडतात, बटण मोकळे करतात, पिन काढतात, आणि मग पट्ट्यास हात लावतात.